सहाशेचा फोन

शरच्चंद्रांनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला आणि आवाज चढवला.

“कमल, फॉल्ट तुझ्या बाजूला आहे. तिकडे धारला तक्रार कर.”

“केली, दादा. ते म्हणतात, इथं सगळं ठीक आहे.” बहिणीचा आवाज खोलीभर खणखणीत येत होता. “मी बोलते ते मलाच परत ऐकू येतं. मघाशी विचारलं ते तुला ऐकू आलं का?”

“लाइन दुरुस्त झाली की बोलू,” म्हणत त्यांनी फोन ठेवून दिला.

ऐकू आलं होतं. मागच्या रविवारीही आलं होतं. जिने चढवत नाहीत, एकटीनं आता होत नाही, देवासला तुमच्याकडे राहायला येऊ का, असं तिनं सरळ विचारलं होतं. शरच्चंद्रांचा होकार ओठांवर येऊन अडे. बायकोला, विनोदिनीला काय वाटेल, याची त्यांना धास्ती होती आणि तिला विचारण्याची त्याहून जास्त. त्यामुळे लाइन बिघडली ते एका परीनं बरंच झालं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेलेली. तक्रार आली की आधी ‘तुमच्या बाजूला बघा’ म्हणायचं, हे जिभेला पाठ होतं.

“बाबा, पर नवीन मोडेम तर आपल्याकडे लागलाय ना?” लेक रुचा म्हणाली. तांब्याची जुनी जोडणी काढून फायबर तिनंच घेतलं होतं. जुना डायलचा फोन मात्र बाबांनी हट्टानं त्यालाच जोडून घेतला होता.

“मोडेमचा काय संबंध? आपल्याला स्वच्छ ऐकू येतंय की.”

बोलून गेले आणि स्वतःवरच चिडले. नव्या पोरांना वर्षानुवर्षं त्यांनीच शिकवलं होतं, की प्रतिध्वनी ज्याला ऐकू येतो त्याच्याकडे बिघाड नसतो, समोरच्याकडे असतो. कमलचा आवाज देवासपर्यंत येत होता आणि त्यांच्याच दारातून माघारी जात होता.

“उघड ते मोडेमचं सेटिंग,” ते घुश्शातच म्हणाले.

रुचानं मोबाइल पुढे धरला. सहाशे, नऊशे, खाली देशांची नावं. “इतके आकडे कशाला? सगळ्यांनी मिळून एकच ठेवायचा ना.”

“तारा एकसारख्या होत्या का सगळ्यांच्या? खांबांवर लांब लांब ताणलेल्या उघड्या तारा, त्यांचा इम्पीडन्स, म्हणजे आवाजाला होणारा अडथळा, सहाशे ओहमच्या आसपास. जमिनीतल्या केबलमध्ये तारा एकमेकींना चिकटलेल्या, तिचं माप वेगळं. ज्यानं त्यानं आपल्या तारेप्रमाणे यंत्रं केली. तारा गेल्या, आकडे राहिले.” त्यांनी कपाळाला हात लावला. “जाड नळीला बारीक नळी जोडली की पाणी जोडावरून मागे उसळतं, तसं आवाजाचं होतं. हा फोन सहाशेचा आणि तुझ्या त्या शहाण्या डब्यात लावलेत नऊशे.”

“पण आधी कधी असं नव्हतं होत.”

“होत होतं. लगेच परत यायचं म्हणून कळायचं नाही. हा डबा रेंगाळतो.”

कोपऱ्यात हरभऱ्याचे घाटे सोलत बसलेल्या विनोदिनीनं एकदा वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

रुचानं सहाशे लावले. मोडेमचे दिवे विझून पुन्हा लागले. आता फोन न करायला काही निमित्त उरलं नव्हतं. शरच्चंद्रांनी डायल फिरवली.

“आता बोल, कमल. परत येतंय?”

“नाही. छान झालं. दादा, दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा माझंच बोलणं मला ऐकू आलं. मग वाटलं, कशाला विचारलं. आता शेवटचं विचारते. येऊ का मी तिकडे राहायला?”

शरच्चंद्रांनी रिसीव्हरवर तळहात दाबला आणि बायकोकडे पाहिलं.

“काय सांगू?”

“म्हणजे मला विचारायला तुमचा फोन दुरुस्त व्हावा लागला,” विनोदिनी म्हणाली. तिनं पदरातली सालं झटकली. “दोन रविवार वाट बघतेय मी. वन्संना सांगा, येताना मांडूची चिंच आणा म्हणावं. इकडे चांगली मिळत नाही.”

“दादा?” तळहाताखालून बारीक आवाज आला. “ऐकू येतंय ना?”

त्यांनी हात काढला.