सूपभर तूर

“आबा, तुम्ही असे गेटातच खुंट्यासारखे उभे राहणार असान, त मी खेळतच नाही. सांगून ठेवते.”

करिष्माने बॅग खाली टाकली आणि कमरेवर हात ठेवले. नात बारावीत, कुस्ती खेळणारी, अंगाने काटक, पण हट्ट क्विंटलभर. देवानंद मात्र तिच्याकडे पाहतच नव्हता. तो गेटावरच्या पाटीकडे पाहत होता. पाटीवर निळ्या रंगात ‘तालुका क्रीडा मैदान’ असं लिहिलं होतं, पण त्या नावाने कोणी पत्ता विचारला तर जळगाव जामोदात दिवसभर फिरत राहिला असता. सगळे याला गोल मैदानच म्हणतात. कोण्या काळी एका जिनिंगवाल्या शेठने कुस्तीच्या नादापायी चहूबाजूंनी काळ्या दगडाच्या पायऱ्या बांधल्या, मधे लाल माती टाकली. शेठ गेला, जिनिंग गेलं, मैदान राहिलं.

“तू जाय पुढं. मी येतो.”

“नक्की?”

“येतो म्हटलं ना वं!”

ती गेली, आणि देवानंद होता तिथेच राहिला. पौषातली सकाळ होती. सातपुडा धुक्यात असा विरला होता की डोंगर कुठे संपतो नि आभाळ कुठे लागतं, काही कळत नव्हतं. आतून पोरापोरींचा गलका येत होता, पण तोही धुक्यातून गाळून आल्यासारखा, मऊ. हाच आवाज त्याने लहानपणी ऐकला होता. मैदानामागच्या वस्तीत त्याचा जन्म. पुढे बाप सगळ्यांना घेऊन नांदुऱ्याला गेला, देवानंद तिथे पंपाच्या जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरायला शिकला, त्यातच म्हातारा झाला. या गेटाच्या आत त्याने कधी पाय टाकला नव्हता.

कारण इथे त्याच्या बापाला मारलं होतं.

म्हणजे त्याने तसं ऐकलं होतं. बाप, जानराव, आधी या मैदानात डफडं वाजवायचा. ती त्या घराची वहिवाटच होती. कुस्ती म्हटली की जानरावाने हजर व्हायचं, विचारायची पद्धत नव्हती. नागपूरहून धम्म घेऊन आला आणि त्याने डफडं सोडलं. इथवर घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं देवानंदला शाळेतल्या एका पोट्ट्याने सांगितलं. “तुह्या बापाले मैदानात हाणला होता, म्हून त्याचे हात थरथरते.” देवानंदने त्या पोट्ट्याचं नाक फोडलं, पण गोष्ट मनात रुतून बसली ती बसलीच. कारण हात खरंच थरथरत. कुस्त्यांच्या दंगलीचा दिवस आला, वाऱ्यावर मैदानातला गलका आला, की ओट्यावर बसलेल्या बापाची बोटं गुडघ्यावर थडथड उडायची. मग देवानंदची आई, तानुबाई, कामातून उठायची, काही न बोलता सूपभर तूर आणून त्याच्या मांडीवर ठेवायची. बाप तूर निवडायला लागायचा, बोटं थांबायची. देवानंदने एकदाच विचारलं होतं, “बा, तुले मारलं होतं का?” बाप म्हणाला, “खडे पाहाय त्याच्यातले.” संपला विषय.

एवढा निधड्या छातीचा बाप, आणि आवाजाने कापतो! पोरवयात त्याला याची लाज वाटली, आणि लाज वाटली याची आयुष्यभर टोचणी लागली. आज नातीपायी इथवर आला होता, पण खरं काय ते कळलंच, आणि ते ऐकवलं नाही तर?

“बसा ना भाऊ. उभं राहून पाय दुखतीन.”

गेटाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीवर मफलर गुंडाळून एक म्हातारा बसला होता. नव्वदीकडे झुकलेला, पण कान फुलकोबीसारखे सुजून कडक झालेले. जुना पहिलवान कुठेही ओळखू येतो.

“मी भगवानराव. नारळ फोडाले बोलावते मले. नारळ त फुटत नाई आता माह्यानं, पोट्टेच फोडते, मी हात लावतो.” म्हातारा स्वतःच हसला. “तुम्ही कोनाचे?”

आपल्याकडे हा प्रश्न चुकत नाही. देवानंदने छाती काढली.

“जानरावाचा. डफड्यावाल्या जानरावाचा.”

भगवानरावांचं हसू जागच्या जागी थांबलं. ते काठी टेकत उठले. “आत ये,” म्हणाले, आणि त्याच्या दंडाला धरून चालूही लागले. नव्वदीच्या म्हाताऱ्याचा हात झटकायचा कसा? देवानंद गेटाच्या आत आला. भीतीपेक्षा सभ्यता मोठी निघाली, दुसरं काय!

मातीवर आता निळी मॅट अंथरलेली होती. भगवानराव त्याला पायऱ्यांच्या कडेने नेत दाखवत गेले, इथं शेठ बसे, इथं जामोदवाले, तिथं खाली, पायऱ्या सोडून, तुमच्या वस्तीतले लोक उभे राहत. दुसऱ्या पायरीपाशी ते थांबले आणि काठीने दगड ठोकला.

“इथं बसला होता तुहा बाप.”

“बसला होता?”

“त्या साली माही पयली मोठी कुस्ती. लंगोट कसून उभा, अन् डफडंच नाई. तेवढ्यात जानराव आला. पांढरे धुतलेले कपडे. हात रिकामे. आला, अन् सरळ या पायरीवर बसला. तोवर तुमच्यातलं कोनी पायरीवर बसलं नोयतं. पाटील वरडला, ‘जान्या, डफडं कोठी हाय बे?’ तुहा बाप म्हणे, ‘जान्या नाई. जानराव. अन् मी पाहाले आलो.’”

देवानंद त्या पायरीजवळ सरकला. “मग हाणलं त्याले?”

“कोनं?”

“लोकाईनं.”

“कोनं सांगतलं तुले? शिव्या देल्ल्या, लई देल्ल्या. पाटलानं काठीबी उचलली. पन हा मानूस हालनाच. पाटलाच्या डोयात पाहात बसला. उचललेली काठी मंग पाटलालेच जड झाली, खाली घेतली त्यानं. कोनाचाच हात लागला नाई त्याले. शेवटल्या कुस्तीपर्यंत बसला, कपडे झटकले अन् गेला.” भगवानरावांनी काठी मॅटकडे रोखली. “मी त हारलोच. डफड्याबिगर मले माहे पायच सापडेनात. आमच्या कुस्त्या त्याच्या हातात होत्या रे बापू. पकड बसली की चाल बदले, चितपट होयाच्या आधीच त्याले कये. अशी होती पाहाय त्याची चाल—”

आणि म्हाताऱ्याने डोळे मिटून काठी पायरीवर ठोकायला सुरुवात केली. दोन सावकाश, एक जोराचा, मग तीन भराभर. दोन सावकाश, एक जोराचा, तीन भराभर.

देवानंद त्याच पायरीवर बसला.

ही चाल त्याला पाठ होती. ओट्यावर, बापाच्या गुडघ्यावर, त्याने ती वर्षानुवर्षं पाहिली होती. ऐकली मात्र आज. बापाचे हात थरथरत नव्हते. बाप वाजवत होता. वाऱ्यावरून गलका आला की त्या गलक्यात कुठे पकड बसली, कोण डावाला आलं, ते त्याला घरी बसून कळत होतं आणि बोटं आपोआप चालत होती. जीव होता त्याचा त्या चामड्यात! आणि तेच त्याने स्वतःच्या हाताने खाली ठेवलं होतं, कारण ते वाजवल्याशिवाय त्याला इथे जागा नव्हती.

“पन एक कोडं मले कधी सुटलं नाई,” भगवानराव म्हणत होते. “पाहाले आलो म्हणे, अन् मंग पुन्हा एकडाव बी पाहाले आला नाई. काऊन?”

देवानंदला ते कोडं आता सुटलं होतं. आईला तर तेव्हाच सुटलं असणार, म्हणून ती सूप आणायची. इथे पाहायला बसला असता, तर बापाचे हात डफडं मागत राहिले असते. त्याने पायरीच्या दगडावरून हात फिरवला.

तेवढ्यात माइकवाला पोरगा लगबगीने आला. हर्षल त्याचं नाव, कुस्त्यांचा सगळा कारभार त्याच्याच डोक्यावर होता. मागून भगवानरावांचं बोलणं त्याने ऐकलं असावं.

“काका, तुमचे वडील इथले वाजवणारे? अहो, भारीच की! आपल्याजवळ डफडं आहे, गणपतीचं. तुमच्या नातीच्या कुस्तीला दोनच मिनिटं वाजवा ना. मी व्हिडिओ काढतो. लोकांना जुनी आठवण होईल.”

पोराच्या तोंडावर खोटेपणा नव्हता, खरंच आनंद झाला होता त्याला. कोणीतरी डफडं आणलंसुद्धा. पायऱ्यांवरची माणसं वळून पाहायला लागली. मॅटच्या कडेला उभी असलेली करिष्माही पाहत होती. भगवानराव काठीवर हनुवटी टेकून जमिनीकडे बघत राहिले.

देवानंदने डफड्याकडे पाहिलं. त्याला ते हातात घ्यावंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

“नाही बाप्पा,” तो म्हणाला. “मी पाहाले आलो.”

“अहो, पण काका—”

“राहू दे रे हर्षल,” भगवानराव म्हणाले. “ने ते.” आणि ते देवानंदच्या शेजारी सरकून बसले.

पंचाची शिट्टी झाली. करिष्मा वाकली, हात पुढे केले. समोरची पोरगी खामगावकडची, दणकट. तिने येताच करिष्माला दोन पावलं मागे रेटलं. देवानंद पुढे वाकला. करिष्मा मागे गेली, गेली, आणि एकदम खाली बसून तिने त्या पोरीचा पाय धरला.

“बसली! पकड बसली!” भगवानराव ओरडले.

देवानंदने खाली पाहिलं. त्याची बोटं गुडघ्यावर उडत होती. दोन सावकाश, एक जोराचा, तीन भराभर. त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

सूप आणायला आता आई नव्हती. त्याने बोटं चालू दिली, आणि पुन्हा मान वर करून नातीची कुस्ती पाहू लागला.