मरायला टेकलेला सेल

बाहेरच्या बोळात, छताला चिकटलेला धुराचा अलार्म दर मिनिटाला 'टिंव्' करत होता.

"त्याचा सेल मरायला टेकलाय," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "महिना झाला रडतोय. उगाच कोण वर चढणार?" आणि त्यानं स्टुडिओचं जाड दार ओढून घेतलं.

टिंव् बाहेर राहिलं. भाची गिटार घेऊन आत आली.

उंच स्टुलावर आत्या बसली होती, गळ्याला मफलर, मांडीवर गरम पाण्याचा थर्मास. सोमवारी तिच्या गळ्याचं ऑपरेशन होतं. आवाज राहील, डॉक्टर म्हणाले होते, पण हाच राहील असं सांगता यायचं नाही. म्हणून तिचं जुनं गाणं आज, ह्याच आवाजात, पुन्हा एकदा नोंदवून ठेवायचं होतं. चार वाजता दुसरी मंडळी येणार होती. आता तीन वाजून गेले होते. पहिल्यांदा नोंदवलं तेव्हा ह्या गाण्यात गिटार वाजवली होती आत्याच्या भावानं. त्याची बोटं हल्ली थरथरतात, म्हणून त्याची गिटार आणि गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायानं दाबायच्या त्याच्या तीन डब्या घेऊन त्याची लेक आली होती.

तिन्ही डब्या पायाशी ओळीनं मांडल्या होत्या. पहिली फझ, सूर कुरतडून कुरतडून त्याला लव फोडणारी. तिच्यामागे ओव्हरड्राइव्ह, त्या लवेवर ऊन धरणारी. शेवटी बूस्ट, पाठीवर हात ठेवून सुराला पुढे लोटणारी. त्यात फझ भारी मानी. गिटारची वायर थेट तिच्याच दारात यायला हवी, मध्ये दुसरं कुणी शिरलं की रुसून बसते. बाबांनी हा क्रम लेकीकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होता. बटणं कुठवर फिरवायची त्याच्या नेलपॉलिशच्या खुणासुद्धा होत्या. सगळं खुणेला खूण लागून होतं, आणि आवाज परका होता.

तिनं सुरुवातीचा लांब सूर पुन्हा छेडला. परवापर्यंत घरी हाच सूर आधी जरासा खचायचा, मग आतून फुगत वर यायचा, राखेखालच्या निखाऱ्यावर फुंकर घालावी तसा. आज तो पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आला आणि तुटला.

आत्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. "पोरी, ह्या सुराचं शेपूट धरून मी गाण्यात शिरते. इथं शेपूटच नाही. काय धरू?"

"पुन्हा वाजवते, आत्या."

"वाजव. पण माझ्याकडे मोजकेच घोट उरलेत, आणि मी थर्मासातले म्हणत नाहीये."

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, साधंच वाजवा ना. खरखर मी मागनं कंप्यूटरवर चढवतो. कुणाला कळायचं नाही."

"मला कळेल," आत्या म्हणाली. "आणि मागनं चढवशील तेव्हा मी कशाला धरून गाऊ, तुझ्या शर्टाला?"

भाचीनं वायरी उपसल्या, पुसल्या, पुन्हा खोचल्या. सूर तसाच. तरी आत्यानं एकदा गाऊन पाहिलं. दुसऱ्या ओळीवर तिला ठसका लागला आणि तो बराच वेळ थांबेना. साडेतीन वाजले होते. भाचीनं घरी फोन लावला.

बाबांना एकाच कानानं ऐकू येतं, त्यामुळे फोनवर आई असते आणि बाबा आईच्या तोंडून बोलतात.

"हे विचारतायत, फझची डबी कुणी उघडली होती का?"

"मी नाही उघडली."

पलीकडून आई हळूच म्हणाली, "मी उघडली. काल. तुझं एवढं मोठं काम, मध्येच सेल संपला तर काय घ्या? नवा कोरा घातला."

"आई. जुना कुठाय?"

"कचऱ्याच्या गाडीत गेला सकाळी." मागून बाबांचा आवाज चढला. "हे म्हणतायत, तीन वर्षं सांभाळून मुरवलेला सेल होता, नऊ व्होल्टचा सातवर आणलेला. सगळी मजा त्या थकण्यात असते म्हणे. आता मला काय ठाऊक, मेलेलं कुणी जपून ठेवतं का?"

भाचीला रडावं की हसावं कळेना. नवा सेल कुठंही मिळाला असता. थकलेला कुठून आणायचा? वारा घ्यावा म्हणून तिनं दार लोटलं.

टिंव्.

ती जागच्या जागी थबकली, वर पाहिलं, आणि फोन तसाच चालू, कागदांच्या स्टँडवर ठेवून खुर्ची ओढली.

"अहो, पडाल," म्हणत रेकॉर्डिस्टनं धावत येऊन खुर्ची धरली. अलार्मच्या पोटात तसलाच चौकोनी सेल होता. फझमधला नवा तिनं अलार्मला दिला, अलार्मचा थकलेला फझला. चाराला दहा मिनिटं कमी होती.

"एकदाच होईल," ती म्हणाली. "हा किती तग धरेल, मला माहीत नाही."

"माझंही तेच आहे," आत्या म्हणाली आणि तिनं मफलर सोडला.

सूर आला. आधी खचला, इतका की भाचीला वाटलं, गेला. मग आतून धुगधुगी धरत, लव फुटत, फुगत वर आला. आत्यानं डोळे मिटून त्याचं शेपूट धरलं आणि ती आत शिरली. दुसरी ओळ ओलांडली, तिसरी ओलांडली. भाची तिच्या गळ्याकडे पाहत वाजवत राहिली, डबीवरच्या दिव्याकडे बघायचा तिला धीर झाला नाही.

शेवटचा सूर विरेपर्यंत कुणी जागचं हललं नाही. रेकॉर्डिस्टनं अंगठा वर केला. बोळातलं टिंव् थांबलं होतं.

तेवढ्यात स्टँडवरच्या फोनमधून आईचा दबका आवाज आला.

"अगं, मी ह्यांच्या चांगल्या कानाला फोन लावून बसले होते. हे विचारतायत, कचऱ्याची गाडी कुठं गाठलीस?"