टर्कीचे खापर माझ्या माथी

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे. ज्या पापाचे खापर माझ्या माथी फुटले, ते मी केलेले नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

माझा जन्म कुंभकोणच्या एका तांबटाकडे झाला. त्याने मला इतके ठोकले, की माझ्या अंगावर ठोक्यावाचून बोटभर जागा नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत माझे आताचे मालक तुळजाजी यांच्या आजोबांनी मला आणले. त्या घरची बारशी, लग्ने, दिवाळ्या माझ्या पोटात शिजल्या. लोक बोटे चाटत म्हणायचे, "टोपाला हातगुण आहे हो!" मला हात नाहीत, तरी मी फुशारून जायचो.

मग घरात स्टील आले. पाठोपाठ कुकर आला, केबलचा टीव्ही आला, आणि मी माळ्यावर गेलो. काही दिवस माझ्यात कांदे होते. मग नुसतीच धूळ. शेवटी तुळजाजींच्या पत्नीने, कामाक्षीबाईंनी, मला मोडीत देऊन स्टीलचे पिंप घ्यायचे ठरवले. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मोडवाला येणार होता. मला फार वाईट वाटले.

त्याच दिवाळीला त्यांचा मुलगा शिवराज तीन वर्षांनी अमेरिकेहून आला. तिथे कंप्युटरच्या नोकरीत त्याने सणाला अख्खी भाजलेली टर्की खाल्ली होती. ती आता घरच्यांना खाऊ घालायचा त्याने ध्यास घेतला. टर्की म्हणजे इकडची वान्कोळी. ती जवळच्या ओरत्तनाडू गावाहून मोपेडवर बांधून आली. पण भट्टी कुठली? बेकरीवाला म्हणाला, "सणाच्या दिवशी माझ्या बिस्किटांना पाखराचा वास? नको रे, तंबी, धाकट्या भावा." तेव्हा शिवराजची नजर माळ्यावर गेली. त्याने मला उतरवले, कल्हईवाला शोधून आणला, आणि मी पुन्हा आतून चांदीसारखा झालो.

दिवाळीच्या सकाळी अंगणात तीन दगडांवर मला बसवले. आत इडलीचे ताट पालथे, त्यावर लोणी, मीठ, मिरी चोळलेली टर्की, खाली निखारे, झाकणावर निखारे. शिवराजने सर्वांना बजावले, "पाण्याचा थेंब घालायचा नाही. चार तास झाकण काढायचं नाही!" आणि पहारा द्यायला झोपाळ्यावर बसला. पण पहाटे आईने त्याला डोक्यावरून तिळाचे तेल घालून न्हाऊ घातले होते. तेल न्हालेला माणूस झोपाळ्यावर बसला की आडवाच होतो. तंजावुरातली ही साधी गोष्ट तो तिकडे विसरला होता.

माझा जीव मात्र कासावीस झाला. कोरडे तापले की कल्हई वितळते. हे त्याला कॉलेजात कोणी शिकवले नसावे.

इतक्यात कामाक्षीबाई पावले न वाजवता आल्या. सांडशीने झाकण उचलून आत डोकावल्या. "अय्यो, कसं सुकलंय गं बाई! आंबट नाही तर जेवण कसलं?" असे पुटपुटत त्यांनी वाडगाभर चिंचेचे पाणी ओतले. मित्रांनो, मी त्यांना मनापासून आशीर्वाद दिला.

मग तुळजाजींची बहीण अंबाआत्या आली. "पोराला काय कळतंय! इवलं घातलं तर कोणाला कळणार?" म्हणत तिने मिरची-धण्याचे अख्खे वाटण टाकले. शेवटी खुद्द तुळजाजी आले. चाळीस वर्षांत त्यांनी चुलीकडे पाहिले नव्हते. आतला लाल रंग बघून ते दचकले आणि तिखट मोडायला तांब्याभर नारळाचे दूध ओतून पसार झाले. प्रत्येकाला वाटले, आपण एकट्यानेच केले.

बारा वाजता शिवराजने सर्वांना बोलावून झाकण काढले. टर्की गळ्यापर्यंत कुळंबूत बसली होती. कुळंबू म्हणजे इकडची चिंचेची आमटीच.

"हे कुणी केलं?"

कामाक्षीबाई तुळशीकडे बघू लागल्या. आत्याला जप आठवला. तुळजाजींनी घसा साफ केला. "साठ वर्षं यात कुळंबू शिजलाय, बाबा. तांब्यात मुरलाय तो. यात काही टाक, कुळंबूच होतो."

"खरं, अगदी खरं!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

मी रागाने पोटातला रस्सा खदखदवला. कोणी लक्ष दिले नाही. सगळे जेवायला बसले, दोनदा भात टाकावा लागला आणि टर्कीची फक्त हाडे उरली.

दुसऱ्या दिवशी मोडवाला दारात आला. शिवराज उंबऱ्यात आडवा उभा राहिला. "आपणहून कुळंबू करणारा टोप मोडीत? आई, असा टोप अमेरिकेतही मिळत नाही!"

कामाक्षीबाईंच्या ओठांवर खरे आले होते. आत्याने त्यांना चिमटा काढला. ओठ मिटले आणि मोडवाला पिंप घेऊन परत गेला.

निघण्याच्या दिवशी शिवराजने मला स्वतः चिंच लावून घासले. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून तो हळूच म्हणाला, "आई आली तेव्हाच मला जाग आली होती रे. ओरडणार होतो. पण चिंचेचा वास आला आणि राहूनच गेलं. तीन वर्षं त्याच वासासाठी झुरत होतो." मला गहिवरून आले.

म्हणून मित्रांनो, जुनी भांडी मोडीत काढू नका. त्यांना कल्हई करा, कोरडी तापवू नका. माझ्या माथीचे खापर अजून तसेच आहे, राहू द्या. आणि दुसऱ्याच्या टोपावरचे झाकण उचलायची हुक्की आलीच, तर रिकाम्या हाताने जाऊ नका.