बापाची प्रार्थना

उमरीच्या चर्चमध्ये याकोबचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. उपदेश संपला की तो उठून, मेलेला बाप म्हणायचा तीच प्रार्थना घोकल्यासारखी म्हणायचा. त्याचा त्याला लई माज.

मग चतुराबाई आली. तिचा बाप्तिस्मा अगदी नवा. ती घरच्या माणसाशी बोलावं तशी बोलायची, "येशूबाबा, काल तुझ्यावर लई चिडले मी. म्हैस आटली माझी. ऐकून राहिलास ना?" लोकांचे डोळे भरायचे. याकोब जळायचा. बाकं आम्ही झिजवली, अन् देव हिच्या चुलीपाशी बसतो?

एका रविवारी त्यानं मुद्दाम आवाज चढवला, "प्रभू, तुझी दासी मार्थाबाई हिला आजारातून उठव."

चतुराबाईनं मध्येच विचारलं, "याकोबदादा, कोण हो मार्थाबाई?"

"माझी आजी."

"कुठं असती? भेटून येते."

आजीला, म्हणजे बापाच्या आईला, पुरून जमाना झाला होता. इतकी वर्षं ही प्रार्थना कुणी ऐकलीच नव्हती, खुद्द याकोबनंही नाही. सगळे हसले.

पुढचं पाठ वाक्य त्याला आठवेना. दात खाऊन तो म्हणाला, "देवा, ही बाई मला बघवत न्हाई. तू तिचं ऐकतोस, माझं का न्हाई?"

याकोब खाली बसला नाही. पहिल्यांदाच त्याला उत्तर हवं होतं.