शरीराचा पासंग

"पाणी घालतोय मेला, दुसरं काय!" बाटली उजेडाकडे धरून बायको पुटपुटली, ती पलंगाच्या इतकी जवळ की नवऱ्याला शब्दन् शब्द ऐकू गेला.

"कोण मेला? मी अजून आहे."

"तुम्ही गप्प पडा. औषधवाल्याला म्हणतेय."

दोन महिन्यांपूर्वी ह्याच औषधाच्या अडीच मिलीने त्याच्या हाडांतलं दुखणं असं निवायचं, की गडी शीळ घालायचा. मग पाच लागलं. आता पाच घेऊनही दोन तासांत त्याच्या मुठीत चादर चुरगळायची.

चाळीस वर्षं त्याने तराजू दुरुस्त केले, तिने शेजारी बसून वजनं पुसली. संशय आला की ह्या घरात एकच कोर्ट. तिने काचेच्या पेटीतला नाजूक तराजू काढला, पहिल्या बाटलीच्या तळाशी उरलेलं पाच मिली एका पारड्यातल्या वाटीत ओतलं, नव्या बाटलीतलं पाच दुसऱ्यातल्या. काटा डुलला आणि बरोब्बर मध्यावर थांबला.

"गुंजभरही फरक नाही," ती हिरमुसून म्हणाली.

तेवढ्यात औषधोपचाराला घरी येणारी सिस्टर आली. तराजू बघून तिला हसू आवरेना.

"औषध तेच आहे हो. बदललंय ते ह्यांचं शरीर! औषध रोज आत जाऊन दारं ठोठावतं. शरीर म्हणतं, रोजचंच आहे. काही दारं दाद देईनाशी होतात, काही तर ते आत ओढूनच घेतं."

नवरा कोपरावर उठून बसला. "म्हणजे पासंग!"

"काय?"

"एक पारडं झुकलं की दुसऱ्याला खडा बांधून तोल साधायचा, तो पासंग. आपण इकडे औषध टाकतोय आणि हे बेटं गुपचूप तिकडे खडे बांधतंय! मला भिंग लावूनही दिवस लागायचा. ह्याने अंधारात केलं, मला न विचारता."

"पहिल्या दिवशी अडीचनेच गुंगी आली होती. आता पाच घेऊन मला धडे देताय," सिस्टर म्हणाली. "आतडी तेवढी शिकत नाहीत. ह्या औषधाने पोट धरतं ते धरतंच, साफ व्हायचं औषध सोडू नका."

"माझ्या सासरच्या वळणावर गेलीत," बायको म्हणाली.

पण तिचा हात त्याच्या मनगटावर गेला होता. चाळीस वर्षं ह्या देहाचे सदरे धुतले, तापात कपाळ चेपलं. आणि आत असा कारखाना चालतो, मालकालाही पत्ता नाही! देवळात उभं राहावं तशी ती उभी राहिली.

"तर डॉक्टरांनी आता साडेसात लिहून दिलंय," सिस्टर म्हणाली.

तिने बाटली पदराखाली घेतली. "नको. आत्ताच वाढवलं तर पुढे काय द्यायचं?"

"पुढेही वाढवता येतं."

"नको म्हटलं ना!"

नवऱ्याने छताकडे बघत विचारलं, "सगळा पासंगच आहे ना, सिस्टर?"

"काही पासंग. काही..." सिस्टर रक्तदाबाच्या यंत्राची नळी गुंडाळू लागली. गुंडाळून झाली, तरी गुंडाळत राहिली.

पलंगावर चादर पुन्हा मुठीत गेली. त्याने ओठ घट्ट मिटले होते, बायकोला कळू नये म्हणून.

तिने पदराखालची बाटली काढली, बूच फिरवलं.

"काही दुखणंच वाढलंय," ती म्हणाली. "तुम्ही आता बरे होणार नाही हो."

आणि मापात साडेसातच्या रेघेपर्यंत औषध ओतलं.