शिंकणारा हत्ती

मी शिकवते त्या तिसरीच्या वर्गात कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यावरच्या पाढ्यांच्या चाचणीत अख्ख्या वर्गाला भोपळा मिळाला. हुशार मुलांनासुद्धा!

"उद्या मी स्वतः येऊन बघते," मोठ्या बाई, आमच्या मुख्याध्यापिका, कडाडल्या. "हेच चित्र दिसलं, तर कॉम्प्युटर पाचवीच्या वर्गाला देऊन टाकीन." त्या कॉम्प्युटरसाठी मी वर्षभर त्यांचं डोकं खाल्लं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. पडद्यावर प्रश्न आला: सात आठे किती? खाली चार उत्तरं. झोपेतून उठवलं तरी पाढे म्हणणाऱ्या आमच्या गोट्याने ऐटीत त्रेसष्ट दाबलं. पडद्यावरचा हत्ती जोरात शिंकला आणि बदकन चिखलात आपटला. वर्ग खिदळला.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बरोबर उत्तराला नुसती हिरवी खूण येते. हत्ती शिंकतो तो चुकल्यावरच! कार्टी मुद्दाम चुकत होती. मला रागही आला आणि हसूही, पण हसू जिंकलं.

तेवढ्यात कोपऱ्यात कुणीतरी भोकाड पसरलं. ती चिमणी होती. पाढे म्हटलं की हिला हमखास ताप यायचा.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"बाई, माझं चुकून बरोबर आलं! हत्ती शिंकतच नाही!"

"अगं वेडे," शेजारीण वैतागली, "आधी खरं उत्तर काढ, मग तेवढं सोडून काहीही दाब."

चिमणीने नाक पुसलं. "आठ चोक... बत्तीस," ती पुटपुटली, आणि चौतीस दाबलं. धप्प! मग सुटलीच ती. एकही उत्तर बरोबर येईना.

"बघताय ना, बाई?" मी जवळजवळ नाचतच म्हणाले. "पाढे येत नसते, तर अधूनमधून एखादं तरी बरोबर आलं असतं! भोपळा मिळवायला सगळे पाढे पाठ असावे लागतात!"

मोठ्या बाई उठल्या. चेहरा दगडासारखा. चिमणीजवळ जाऊन म्हणाल्या, "सरक."

पडद्यावर आलं: आठ नवे किती? बाईंचं बोट अधांतरी थांबलं.

चिमणी त्यांच्या कानाशी लागली. "बहात्तर सोडून कुठलंही दाबा हं, बाई."

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, आणि एक्क्याऐंशी दाबलं. हत्ती शिंकला, आपटला. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"पाचवी थांबेल," त्या म्हणाल्या. "चिमणे, पुढचं कुठलं नाही दाबायचं?"