शिवणखोलीच्या पाळीचं घर

शिवणखोलीच्या मोठ्या बाईंनी कागद पुढे सरकवला तेव्हा काकूंना वाटलं, रजेच्या अर्जावर सही राहिली असेल. मुलाकडे चार दिवस राहून त्या त्याच सकाळी कामावर आल्या होत्या. पण कागद रजेचा नव्हता. इस्पितळाच्या मागच्या आवारात कामगारांसाठी बारा घरं होती, दोन-दोन खोल्यांची, सगळी तळमजल्यावर. त्यातलं सातवं घर रिकामं झालं होतं आणि कागदावर काकूंचं नाव होतं.

"शनिवारपर्यंत सही करा," मोठ्या बाई म्हणाल्या. "खाली लिहिलंय, स्वतःच्या मालकीचं घर नाही म्हणून. तेवढं नीट वाचून घ्या."

काकूंच्या मालकीची दोन घरं होती.

कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली आणि त्या आपल्या मशीनवर येऊन बसल्या.

इस्पितळाच्या तळघराला लागून असलेल्या त्या शिवणखोलीत आठ बायका काम करत. मधोमध फाटलेल्या चादरी उभ्या कापून, धडक्या कडा मध्ये घेऊन पुन्हा जोडायच्या. जी अगदीच गेली तिचे अभ्रे करायचे आणि अभ्रे विरले की पुसणी. घरांच्या बाबतीत खोलीचा स्वतःचा एक रिवाज होता. इस्पितळाच्या प्रत्येक विभागाला पाळीपाळीने घर मिळे. शिवणखोलीची पाळी आली की मोठ्या बाई सगळ्यांना बसवून विचारत, कुणाला द्यायचं? स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही. प्रत्येकीने दुसरीचं घ्यायचं. ज्या दोघींनी पूर्वी स्वतःचं नाव घेतलं होतं, त्यांची गोष्ट अजून सांगितली जाई, आणि ती कौतुकाने नाही.

गेली पाळी अकरा वर्षांपूर्वी आली होती. या वेळी ती कात्रीबाईकडे जाणार, हे मशीनच्या तेलवाल्यालासुद्धा माहीत होतं. कात्रीबाई म्हणजे कापणीच्या टेबलावरची बाई. तिचा नवरा छपरावरून पडला होता. ती चौथ्या मजल्यावर राहत होती आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दोन वर्षांत नवरा चार वेळा खाली उतरला होता, चारही वेळा दवाखान्यासाठी, खुर्चीत बसवून, चौघांच्या हातांवर.

"सांगितलं का गं मोठ्या बाईंनी?" दुपारी डबे उघडताना काजवालीने विचारलं. ती रुग्णांच्या झग्यांना काजं करी, आणि मशीन थांबलं तरी तिचं तोंड चालू असे. "असं काय बघतेस काकू? घर मिळालंय, शिक्षा नाही झालेली."

"माझं नाव कुणी घेतलं?"

"तू रजेवर असताना बसवलं होतं आम्हाला. पहिलं कात्रीबाईने. मग आम्ही सगळ्यांनी. तिने आधीच बजावून ठेवलं होतं, माझं नाव घ्याल तर कात्री आहे माझ्या हातात."

"अगं, तुझ्या नवऱ्याचं काय?" काकू कात्रीबाईला म्हणाल्या.

"त्याचं काय? त्याला मी आहे. वर उजेड आहे, वारा आहे." कात्रीबाईने आपल्या डब्यातली भाजी उचलून काकूंच्या झाकणात घातली, रोज घाली तशी. "तुला कोण आहे? एका खोलीत राहतेस. बुटाला तीनदा नवा तळ लावलास, मी मोजलंय. मुलगा आहे म्हणतेस, पण चार दिवस जाऊन येतेस आणि तेच कपडे घालून परत येतेस. असला मुलगा असून काय चाटायचाय? खा."

काकूंनी खाल्लं.

त्यांनी कधी खोटं सांगितलं नव्हतं, हेही खरं होतं. चार वर्षांपूर्वी कामावर घेताना त्यांना एवढंच विचारलं गेलं होतं, शिवण येतं का? शिवण येत होतं. त्यांची आई शिवणकामावरच घर चालवायची. नवरा मात्र बांधकामाचा मोठा ठेकेदार निघाला. तो गेल्यावर त्यांनी कपाटं रिकामी करायला घेतली, त्याला अकरा महिने लागले. जेवणाच्या ताटांचे तीन संच निघाले, त्यातले दोन खोक्यातून कधी बाहेर आलेले नव्हते. एकदा एक दिवा सापडला, तो कधी घेतला, कुणी घेतला, काही आठवेना. एका संध्याकाळी त्या सगळ्या पसाऱ्यात खाली बसल्या आणि त्यांना एवढंच वाटलं की या वस्तूंना आपली काही गरज नाही. मग धाकटं घर त्यांनी भाड्याने दिलं, मोठ्याला कुलूप घातलं, एक खोली घेतली आणि पगारावर राहायचं ठरवलं. भाड्याच्या पैशांना हात लावला नाही. हे व्रत नव्हतं. हात स्वच्छ धुतल्यावर जसं वाटतं तसं त्यांना रोज वाटे, आणि त्या सुखाचा थोडा अभिमानही होता.

मुलाला हे पटत नसे. "तू कंजूष असतीस तर समजलं असतं," तो याच खेपेला म्हणाला होता. "कंजूष माणूस निदान पैसे मोजतो. तुझा हा नुसता गरिबीचा खेळ." खेळ हा शब्द काकूंना लागला होता. येताना गाडीत त्या त्याला मनातल्या मनात उत्तरं देत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोठ्या बाईंकडे गेल्या. "मला घर नको," त्या म्हणाल्या. "कात्रीबाईला द्या."

"असं देता येत नाही. तुम्ही नकार दिलात की पाळी पुढच्या विभागाकडे जाते. पुढचा विभाग स्वयंपाकघर."

"आणि आपली?"

"आपली परत येईल. दहा वर्षांनी, बारा वर्षांनी. तेव्हा मी नसेन. तुम्हीही बहुधा नसाल." मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "नाव चुकून गेलं असेल तर शनिवारच्या आत दुरुस्त करता येतं. पण चूक काय, ते लिहावं लागेल, आणि सगळ्यांना बसवून नाव पुन्हा घ्यावं लागेल. चूक झालीय का काही?"

"झालीय."

"काय?"

काकूंनी सांगितलं. ऐकून मोठ्या बाईंनी चष्मा पुन्हा लावला आणि त्या म्हणाल्या, "हे मी लिहीन. पण बायकांना मी नाही सांगणार. ते तुमचं तुम्ही सांगा."

बुधवार गेला, गुरुवार गेला. दोन्ही दिवस काकू मनात वाक्यं जुळवत राहिल्या आणि दोन्ही दिवस ती उसवली. गप्प राहिलं तर कात्रीबाईचं घर स्वयंपाकघराला जाणार होतं. बोललं तर ही खोली जाणार होती. नोकरी राहिली असती. पण सकाळी दार उघडल्यावर "आली गं बाई आमची काकू" असं कुणी म्हटलं नसतं. नवरा गेल्यापासून त्यांना दुसरीकडे कुठे कुणी तसं म्हणत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी डबे उघडायच्या आधी त्या उभ्या राहिल्या. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"मला दोन घरं आहेत," त्या म्हणाल्या. "एक भाड्याने दिलंय, एक बंद आहे. मला पैशाची अडचण नाही. कधीच नव्हती. मला असं राहायला आवडतं म्हणून मी अशी राहते."

काजवाली हसली. "आणि माझी विमानं आहेत," ती म्हणाली. मग तिने काकूंचा चेहरा पाहिला. कोपऱ्यातलं एक मशीन अजून चालू होतं, तेही थांबलं.

"कुठे आहे बंद घर?" कात्रीबाईने विचारलं.

काकूंनी रस्ता सांगितला. रुंद रस्ता होता, दोन्ही बाजूंना झाडं. सगळ्यांना माहीत होता.

"किती खोल्या?"

"सहा."

"सोमवार कात्रीबाईचा होता," काजवाली एकदम म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मंगळवार माझा. बुधवार हिचा. वार लावून घेतले होते आम्ही, काकूसाठी जास्तीचं कुणी आणायचं त्याचे. तुला कळू नये म्हणून सगळ्याच जणी सगळ्यांना थोडं थोडं वाढायचो. गेल्या वर्षी महिनाभर माझ्या घरी काय होतं ते मला ठाऊक. तरी मंगळवार चुकवला नाही मी."

काकूंना हे माहीत नव्हतं. चार वर्षं त्या घासाला त्यांनी माया समजलं होतं. आता कळलं की त्यामागे असे वार होते, तरीही ती मायाच होती, आणि म्हणूनच जास्त लागलं.

"मी तुम्हाला फसवायला..."

"तुम्ही फसवलं नाहीत," कात्रीबाई म्हणाली. आजवर ती त्यांना 'तू' म्हणत आली होती. "आम्ही विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. पण एक सांगते. अंथरूण असून पाय आखडून झोपायची तुमची हौस. आमचं अंथरूणच तेवढं. दुरून दोन्ही सारखंच दिसतं. आम्हाला सारखंच दिसलं."

"माझं मोठं घर घे तू," काकू म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांना कळलं की हे गेल्या चार वर्षांत त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं. "तळमजल्यावरच आहे. उद्या किल्ली देते."

कात्रीबाईने टेबलावरच्या चादरीची कड बोटाने सरळ केली.

"नको," ती म्हणाली. "तिथे मी तुमची आश्रित होईन. इथलं घर पाळीचं आहे. ते मला या बायकांनी दिलं तर मी मान वर करून राहीन."

त्या दुपारी नाव पुन्हा घेतलं गेलं. मोठ्या बाईंनी एकेकीला विचारलं. काकूंपाशी आल्यावर त्या थांबल्या आणि त्यांनी इतर बायकांकडे पाहिलं. कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. मोठ्या बाईंनी पुढच्या बाईला विचारलं. घर सहा मतांनी कात्रीबाईला मिळालं.

त्यापुढचा आठवडाभर काकू वेळेवर आल्या, वेळेवर गेल्या. त्यांच्याशी कामापुरतं बोललं जाई. दोरा संपला का, ही चादर जोडायची की कापायची. नोकरी सोडावी, असं दोनदा त्यांच्या मनात आलं. पण सोडणं सोपं होतं, आणि सोपं होतं म्हणूनच त्यांनी ते केलं नाही.

नवव्या दिवशी रविवार होता. कात्रीबाई घर बदलणार, हे त्यांना काजवालीच्या बडबडीतून कळलं होतं. बोलावलं कुणी नव्हतं. तरी त्या गेल्या. चार मजले चढताना त्या दोनदा थांबल्या. दार उघडं होतं. आत चार-पाच गाठोडी, एक कपाट, आणि खिडकीशी खुर्चीत नवरा. बाकीच्या बायका पहिली खेप घेऊन खाली गेल्या होत्या. कात्रीबाई दोरी बांधत होती. तिने वर पाहिलं आणि पुन्हा गाठीकडे पाहिलं.

"काकू ना तुम्ही?" नवरा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला. "बसा. ही रोज सांगते तुमच्याबद्दल. एवढं चढून आलात या वयात. अगं, ते पांघरूण कुठे ठेवलंस? तुमच्यासाठी बाजूला काढलंय मी, लोकरीचं आहे. खालच्या घरात आम्हाला एक पुरेल. थंडीत तुमच्याकडे काही नसतं म्हणाली ही."

त्याने वाकून, एका हाताने खुर्चीला धरून, गाठोड्यावरचं पांघरूण ओढलं आणि पुढे केलं.

काकूंनी कात्रीबाईकडे पाहिलं. तिने नवऱ्याला काहीच सांगितलं नव्हतं, हे उघड होतं. आता ती दोरी हातात तशीच धरून वाट पाहत होती. घेतलं असतं तर माणूस खूश झाला असता. चार वर्षं त्यांनी असंच तर घेतलं होतं.

"मला नको," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे भरपूर आहेत. कपाट भरून आहेत. मी श्रीमंत बाई आहे, दादा. यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नव्हतं."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. त्याने पांघरूण हळूच मांडीवर घेतलं आणि त्यावरून हात फिरवला. त्याला काय वाटलं ते कळलं नाही.

"खरं आहे ते," कात्रीबाई म्हणाली आणि गाठ आवळली. जिन्यावर बायकांचे आवाज वर येत होते. तिने कपाटाचा एक पाय उचलून पाहिला, जड होतं.

"आता उभ्या काय राहिलात," ती काकूंना म्हणाली. "ते टोक धरा. वळणावर जपून, तिथे कठडा तुटलेला आहे."